एका चुलीचा आहेर

धम्मदिनाला ती बातमी कळली तेव्हा तिच्या हातात कुणीतरी परत पाठवलेली इस्त्री होती. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका अजस्र गोदामात ती परत आलेल्या मालाची सुपरवायझर. लोक ऑनलाइन मागवतात, चार दिवस मिरवतात आणि 'आवडली नाही' म्हणून परत धाडतात. तो सगळा पसारा हिच्या टेबलावर. वस्तू वापरलीय की नुसती उघडून पाहिलीय, एवढंच ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात तिचा हात धरणारं अख्ख्या गोदामात कोणी नव्हतं. नेसून पुन्हा घडी घातलेली साडी तिला वासावरून कळायची. गिऱ्हाईक आईच्या शपथा घेऊ दे नाहीतर देवाच्या, प्लास्टिक फाटलंय की नाही हे बघून धम्मदिनाचा निकाल लागायचा आणि तो कधी चुकायचा नाही. हे प्लास्टिकचं नीट लक्षात ठेवा. पुढे बाईसाहेबांची फजिती त्याच्यापायीच होणार आहे.

तर फोन वाजला. ड्युटीवर फोन घ्यायचा नाही हा नियम तिनंच लाइनवरच्या मुलींना घालून दिलेला. पण फोन निशाचा, आणि निशा काही कारण नसताना या वेळेला फोन करणारी नव्हे. पलीकडून आधी नुसतंच हसू आलं, मग रडू, मग पुन्हा हसू. शेवटी एकदाचे शब्द आले. न्यूझीलंडच्या हॉस्पिटलनं हो म्हटलं होतं. तीन वर्षं इंग्रजीच्या परीक्षा, सर्टिफिकिटांच्या पडताळण्या, पहाटेचे इंटरव्ह्यू, आणि आता खरोखरीचं हो.

धम्मदिना अशी काही ओरडली की पलीकडच्या लाइनवरचा फोर्कलिफ्टवाला थांबला. सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. काय झालं, काय झालं? आणि एवढ्या आनंदातही हिच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं की मैत्रिणीच्या बहिणीला नोकरी लागली. मैत्रिणीच्या बहिणीच्या नोकरीसाठी कोणी शिफ्टमधल्या सगळ्यांना वडापाव मागवतं का? पण मुलींनी वडापाव खाल्ला आणि फार चौकशी केली नाही. फुकटच्या वडापावाला कोण प्रश्न विचारतंय.

आता ही निशा कोण ते सांगायला हवं. निशा गणेशपुरीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली, भिवंडीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. धम्मदिनाचे वडील बाळाराम डेंग्यूनं तिथं ॲडमिट होते तेव्हा सलाइन लावायला आली ती हीच. बाळाराम आठवड्यात बरे होऊन घरी गेले, पण त्यांची लेक मात्र काही ना काही कारण काढून दवाखान्यात जातच राहिली. कधी रिपोर्ट राहिला, कधी छत्री राहिली. शेवटी निशाच म्हणाली की पुढच्या वेळी काही विसरून जाऊ नकोस, नुसती ये. तेव्हापासून दोघी एकत्र. वळ गावात सीताबाईंच्या चाळीत एक खोली घेतली त्याला आता सहा वर्षं होत आली. सीताबाईंना सगळं गाव आक्का म्हणतं. आक्कांची भातजमीन गोदामात गेली आणि त्या पैशांत त्यांनी खोल्या बांधल्या. स्वतः अजून पहाटे उठून दारात मासळी साफ करत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवतात.

गावाला सांगितलेलं असं की दोघी रूम पार्टनर आहेत. गोदामात सांगितलेलं की निशा नात्यातली आहे. निशाच्या घरी सांगितलेलं की ती नर्सेसच्या हॉस्टेलवर राहते. आणि बाळारामना काय सांगितलं होतं? त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. पाणीखात्यातून निवृत्त झालेला, बायको कमळाबाई गेल्यापासून एकटा राहणारा, जयंतीच्या मिरवणुकीत माइक हातात आला की सोडायचा नाही असा हा माणूस. कमळाबाईंच्या मागे लेकीनं लग्नाला नाही म्हटलं. मग एका रविवारी ते दोन शेगड्यांचा गॅस रिक्षात घालून वळला आले, खोलीत मांडून दिला आणि चहा पिऊन निघून गेले. त्यानंतर एकाआड एक रविवार ते सुके बोंबील नाहीतर जवळा घेऊन यायचे.

ते पहिल्यांदा येणार होते त्याच्या आदल्या दिवशी दोघींची कोण धावपळ! खोलीत पलंग एकच. धम्मदिना धावत जाऊन एक लोखंडी खाट आणि तिच्यावरची गादी घेऊन आली, भिंतीकडेला लावली, वर चादर घातली, उशी ठेवली. बघा पप्पा, ही माझी खाट, तो निशाचा पलंग. पप्पांना त्या खाटेवरच बसवायचे. ते बसले की कुरकुर व्हायची, मग ते जरा सरकून नीट बसायचे आणि बोंबलाचा भाव काय चाललाय ते सांगायचे.

खाट हा नुसता एक नमुना झाला. गोदामात पहिला धडा असतो की आलेल्या पार्सलवरचं जुनं लेबल आधी फाडायचं, नाहीतर माल भलत्या पत्त्यावर जातो. धम्मदिनानं तो धडा घरीही लावला. वीजबिल आक्कांच्या नावावर, भाडं हातावर, करारनामा नाही. हिच्या आधारकार्डावर पप्पांचा पत्ता, तिच्या कार्डावर गणेशपुरीचा. फोटो काढायचे आणि पुसायचे. मेसेज दुसऱ्या दिवशी आपोआप उडतील असे लावलेले. दोघींचं नाव एकत्र दिसेल अशी चिठ्ठीसुद्धा त्या घरात सापडली नसती. सहा वर्षं या कामात तिनं कुठे म्हणून कसूर ठेवली नाही आणि तिला त्याचा अभिमानही होता.

आणि आता निशा सांगत होती की हॉस्पिटलला महिन्याभरात नक्की काय ते कळवायचंय, आणि तू येणार नसशील तर मी जात नाही. हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की धम्मदिनाला हसावं की रडावं कळेना. लग्न केलं असतं तर प्रश्न नव्हता, पण आपल्याकडे दोघींचं लग्न लागत नाही. प्रेम करणं गुन्हा नाही असं कोर्टानं कधीचं सांगितलंय, पण लग्नाला मान्यता द्यायला नकार दिलाय. म्हणजे न्यूझीलंडला निशा नर्स म्हणून जाणार, आणि धम्मदिना कोण म्हणून जाणार?

कल्याणला एक एजंट होता. काचेची केबिन, टेबलावर छोटं विमान, आणि बोलणं तर असं गोड की साखर कमी पडावी. निशाचं काम त्यानं चुटकीसरशी होईल म्हणून बाजूला ठेवलं आणि धम्मदिनाकडे वळला. तुमच्यासाठी वेगळा रस्ता आहे म्हणाला, असायलम, म्हणजे आश्रय. टुरिस्ट म्हणून विमानात बसायचं, तिकडे उतरलात की सांगायचं की परत गेले तर मला मारून टाकतील. तुमच्यासारख्यांना तिकडे लगेच ठेवून घेतात. बोलता बोलता त्यानं कॉम्प्युटरवर एक तयार कहाणी उघडलीसुद्धा, फक्त नावं भरायची बाकी होती.

"बरं, तुम्हाला मारतं कोण?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"असं कसं चालेल, मॅडम? कोणीतरी लागेल. वडील आहेत ना?"

त्यानं टाइप करायला सुरुवात केली. वडील बाळाराम, कोयता घेऊन मुलीच्या मागे धावले. धम्मदिनाला आधी हसूच फुटलं. पप्पा आणि कोयता! हा माणूस घरात झुरळ निघालं तरी त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडतो, आणि वर त्याला जा बाबा म्हणतो. पण स्क्रीनवर ते नाव दिसत राहिलं आणि हळूहळू तिचं हसू मावळलं. ती उठली. एजंट मागून सांगत होता की अहो सगळे असंच करतात, पण ती थांबली नाही.

परतीच्या रिक्षात दोघींचं चांगलंच वाजलं. निशा वाईट नव्हे, पण तीन वर्षांची मेहनत डोळ्यांसमोर लोंबकळत असली की माणूस काहीही बोलून जातो. ती म्हणाली की कागदावरच तर आहे, न्यूझीलंडच्या कुठल्याशा ऑफिसात पडून राहील, काकांना कुठे कळणार आहे?

"मला कळेल ना," धम्मदिना म्हणाली. "एकाआड एक रविवारी बोंबील घेऊन येणाऱ्या माणसाला मी खुनी लिहून दिलं, हे मला कळेल."

त्यावर निशा खिडकीबाहेर बघत बसली. खरं तर रिक्षाला खिडकी नसते, पण ती अशी काही बघत होती की जणू आहे. घर येईपर्यंत तिचे डोळे भरले होते. चहा ठेवता ठेवता तीच म्हणाली की चुकलं माझं, पण मग करायचं काय ते तरी सांग.

करायचं काय ते सांगितलं तुळजानं. तुळजा मुंबईत अशा जोडप्यांसाठी चालणाऱ्या एका हेल्पलाइनवर काम करायची. स्वतः पंधराव्या वर्षी घरातून हाकलली गेलेली, त्यामुळे तिचं बोलणं एकदम रोखठोक. एजंटाची हकिकत ऐकल्यावर तिनं आधी फोनवरच त्याच्या नावानं अशा शेलक्या शिव्या घातल्या की धम्मदिनाला स्पीकर बंद करावा लागला. मग म्हणाली, नीट ऐका. आश्रय हा असा दुकानातून घ्यायचा माल नाही. ज्याच्या खरोखर जिवावर बेतलंय, ज्याला घरच्यांनी कोंडलंय, ज्याच्या देशात यासाठी तुरुंगात टाकतात, त्याच्यासाठी ते शेवटचं दार आहे. तिथं पोचून सगळं सिद्ध करावं लागतं, वर्षं जातात. तुम्ही खोटं सांगून त्या दारात गर्दी केलीत तर खरा मार खाल्लेला माणूस बाहेर राहतो. आणि पकडल्या गेलात तर दोघींची वाट कायमची बंद.

आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून दोघी ताडकन उठून बसल्या. न्यूझीलंडला जोडीदाराचा व्हिसा असतो. लग्नाचा दाखला नसला तरी चालतो आणि दोघी बायका असल्या तरी चालतं. एकच दाखवायचं, की तुम्ही एका घरात जोडप्यासारख्या राहता, ते खरं आहे, टिकाऊ आहे, आणि आजूबाजूचे लोक तुम्हाला तसं ओळखतात.

"एवढंच?" निशा म्हणाली.

"एवढंच. सहा वर्षं एकत्र राहताय ना? मग ढीगभर पुरावे असतील."

अरे देवा. ढीगभर पुरावे! त्या दिवशी दोघींनी सुट्टी टाकली आणि खोली उलटीपालटी केली. कपाटं काढली, गादीखाली बघितलं, जुने फोन चार्जिंगला लावले. काही नाही. एक फोटो सापडला, वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी काढलेला, त्यात निशाचा फक्त कोपर दिसत होता, कारण बाकीची निशा धम्मदिनानं स्वतःच्या हातानं कापलेली होती. ही बाई गोदामात दुसऱ्यांच्या वस्तूंवरून त्यांचं अख्खं चरित्र सांगायची, आणि स्वतःच्या घरात तिनं सहा वर्षांचा संसार असा साफ पुसला होता की आपण इथं राहतो हे तिला स्वतःलाही सिद्ध करता येईना. ती खाटेवर बसली. कुरकुर झाली. तिच्या डोक्यात तेव्हाही काही शिरलं नाही.

"लोक आपल्याला तसं ओळखतात म्हणे," ती निशाला म्हणाली. "कोण ओळखतं? आपण कोणाला ओळखू दिलं का?"

दार उघडंच होतं आणि दारात आक्का उभ्या होत्या. हातात मांदेली मासळीची परात. एवढा पसारा मांडलाय म्हणजे पोरी खोली सोडून चालल्या की काय, या धास्तीनं आलेल्या. निशानं धम्मदिनाकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघींनी ठरवून, एकमेकींचा हात धरून, खरं काय ते सांगितलं. न्यूझीलंड, नोकरी, व्हिसा, आणि आम्ही दोघी कोण आहोत ते. आता आक्का परात टाकून ओरडणार, खोली खाली करा म्हणणार, असं धम्मदिनाला वाटत होतं.

आक्कांनी परात खाली ठेवली ती हात मोकळे करायला.

"अगो बायांनो, ते मना ठाव हाय," त्या म्हणाल्या. "दोन चुली आसत्या त मी आमंत्रना दोन दिली आसती. तुमची चूल एक, म्हून आमंत्रन एक आन् आहेर एक. कुनालच्या हलदीला माइकवर पुकारला न्हाय का?"

या गावातली रीत अशी. लग्नाच्या हळदीला आहेर द्यायचा तो माणशी नाही, चुलीमागे. एका चुलीवर जेवणाऱ्यांचा आहेर एकच, आणि तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा माइकवर पुकारतात. भाऊभाऊ वेगळे झाले की ते आधी आहेरात कळतं. दोन नावं सुटी पुकारली की समजायचं चूल फुटली. आणि दोन नावं एकत्र पुकारली तर गावाच्या लेखी ते एक घर. मग त्यावर कोणी वाद घालत नाही.

आक्कांच्या नातवाची, कुणालची हळद दोन वर्षांपूर्वीची. नेमका सेलचा सीझन, धम्मदिनाला डबल ड्युटी, निशाची नाइट. दोघींनी मिक्सर आणून ठेवला होता आणि बाळारामना सांगितलं होतं की आमच्या वतीनं तुम्हीच देऊन या. तिथं काय पुकारलं गेलं हे दोघींना माहीत असायचं कारण नव्हतं. कुणालला आक्कांनी हाक मारून लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावायला लावला. आधी तासभर नुसता डीजे आणि नाच, त्यात कुणालच्या मित्रांनी हळदीनं एकमेकांना ओळखू येणार नाही असं केलेलं. आक्का पुढे घे, पुढे घे म्हणून ओरडत होत्या. मग आहेर सुरू झाला. पुकारणारे दौलतकाका, पण डीजेवर गाणी म्हणून म्हणून त्यांचा घसा पार बसलेला. दोन नावांतच त्यांचा आवाज गेला, आणि ते मांडवात इकडे तिकडे बघत कोणाच्या तरी हातात माइक देताना दिसले.

माइक बाळारामच्या हातात होता.

धम्मदिना उठून टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मागच्यांना दिसेना. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, आणि जयंतीला असतो तोच खणखणीत आवाज. एकेक घर पुकारत ते चालले होते. मग त्यांनी टेबलावरचा मिक्सरचा खोका उचलला, वर धरला, क्षणभर थांबले, आणि माइक तोंडाजवळ घेतला.

"आमची धम्मदिना आणि आमची निशा. एका चुलीचा एक आहेर. मिक्सर."

मांडवात टाळ्या पडल्या, जशा प्रत्येक घराला पडत होत्या तशाच. बाळारामनी खोका खाली ठेवला आणि पुढचं घर पुकारलं.

धम्मदिना ओक्साबोक्शी रडली. लाजली नाही, तोंड लपवलं नाही. तिला कल्याणच्या केबिनमधला तो स्क्रीन आठवला, त्याच्यावर कोयत्याशेजारी लिहिलेलं पप्पांचं नाव आठवलं, आणि आपण उठून आलो याचा इतका आनंद झाला की रडता रडता ती हसायला लागली. निशानं तर आक्कांना मिठीच मारली. मांदेलीच्या वासासकट. कुणाल पुन्हा लावू का म्हणून विचारत होता, आणि त्यानं तो व्हिडिओ त्या दिवशी किती वेळा लावला त्याची गणती नाही.

दुसऱ्या दिवशी ती पप्पांकडे गेली. भिवंडीत विहाराच्या मागे त्यांचं घर. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. सुरुवात कुठून करायची? पण बोलायची वेळच आली नाही. आक्कांचा फोन तिच्या आधी पोचला होता. बाळाराम चष्मा लावून, पेनाचं टोपण काढून टेबलाशी तयार बसले होते, आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं की सही कुठे करायची.

मग काय, नुसती झुंबड उडाली. व्हिडिओ गेला. आक्कांनी लिहून दिलं, त्यांच्या सांगण्यावरून कुणालनं, की या दोघी माझ्या चाळीत एका चुलीवर राहतात. वीजबिल आक्कांच्या नावावर का, हेही सांगितलं. बाळारामनी दोन पानं लिहिली, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. तुळजानं सगळं इंग्रजीत करून घेतलं. आम्ही इतकी वर्षं सगळं का पुसलं, हे धम्मदिनानं स्वतः लिहिलं आणि त्यात काही लपवलं नाही. लिहिताना तिला असं मोकळं वाटत होतं की ती मध्येच उठून नाचून यायची.

पुढे एक दिवस तिकडच्या व्हिसाच्या ऑफिसातून बाळारामना फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर टाकला. साहेब इंग्रजीत विचारणार आणि एक दुभाषी बाई ते मराठीत सांगणार. त्या बाईचं मराठी अगदी पुस्तकी. धम्मदिना आणि निशाला खोलीत थांबायची परवानगी नव्हती, म्हणून दोघी दाराला कान लावून बाहेर उभ्या. आपल्या कन्येचे आणि निशा यांचे नाते काय, असं त्या बाईनं विचारलं. संसार करतात दोघी, बाळाराम म्हणाले. मग तिनं विचारलं, हे आपणांस केव्हापासून ज्ञात आहे?

"गादीपासून," बाळाराम म्हणाले.

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. त्यांना वाटलं असावं की आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"त्याचं काय आहे मॅडम, मी गेलो की मला एका खाटेवर बसवायच्या. ही माझी खाट म्हणून माझी मुलगी सांगायची. बसलं की कुरकुर आवाज. एकदा त्या चहा करत होत्या तेव्हा मी चादर वर करून बघितली. गादीचं प्लास्टिक तसंच, दुकानातून आणलेलं. मी कोणाला काही बोललो नाही. पुढच्या वेळी बसलो, पुन्हा कुरकुर. ही पोरगी गोदामात लोकांचं प्लास्टिक बघून माल वापरला की नाही ते ठरवते, आणि घरी बापाला अशा गादीवर बसवते. मग ही झोपते कुठे, एवढं मला कळतं."

दाराबाहेर धम्मदिनानं कपाळावर हात मारला. निशा तोंडावर ओढणी दाबून हसत होती, हसता हसता तिला ठसका लागला.

दुभाषी बाईंनी सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी काहीतरी विचारलं. बाईंचा आवाज आता तितका पुस्तकी राहिला नव्हता.

"ते विचारतायत, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही मुलीला कधी बोलला का नाहीत?"

"ती सांगेल म्हणून वाट बघत होतो," बाळाराम म्हणाले. "सहा वर्षं कुरकुर ऐकत बसलो."

दाराबाहेरचं हसू थांबलं. धम्मदिनानं निशाचा हात घट्ट धरला. तिला आत जाऊन पप्पांच्या पायाशी बसावंसं वाटत होतं, पण इंटरव्ह्यू चालू होता आणि नियम म्हणजे नियम.

व्हिसा आला तेव्हा धम्मदिनाच्या हातात परत आलेला चपलेचा जोड होता. या वेळी ती ओरडली आणि मुलींनी विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं की मी आणि माझी निशा न्यूझीलंडला चाललो. फोर्कलिफ्टवाला पुन्हा थांबला. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मग त्यांच्यातली एक म्हणाली की आता वडापाव नाही चालणार, मॅडम, बिर्याणी लागेल.

खोली आवरायच्या दिवशी बाळाराम टेम्पो घेऊन आले. गॅस आक्कांना दिला. लोखंडी खाट कुणालला दिली. ती गादी मात्र बाळारामनी स्वतः उचलली, प्लास्टिकसकट, अगदी नवी कोरी. तुम्हाला कशाला पप्पा, तुमच्याकडे आहे की, असं धम्मदिना म्हणाली, तर ते म्हणाले की बघतो काय करायचं ते. ते ती गादी घेऊन थेट बाजारात गादीवाल्याकडे गेले. आपली लेक परत आलेल्या मालातली जाणकार आहे हे त्यांनी दुकानदाराला ऐकवलं, न वापरलेली आहे, हात लावून बघ म्हणाले, आणि बरीच घासाघीस करून ती देऊन टाकली. बदल्यात वर पैसे घालून त्यांनी डबल गादी घेतली. ती भिवंडीच्या घरात आतल्या खोलीत टाकली, जिथं कमळाबाईंची शिलाई मशीन होती तिथं.

दोघी निरोप घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी ती खोली उघडून दाखवली. वर्षा-दोन वर्षांनी याल तेव्हा झोपायचं कुठे, म्हणून करून ठेवलंय, असं म्हणाले. मग निशाला म्हणाले, बसून बघ. निशा बसली. धम्मदिना तिच्या शेजारी बसली. काही आवाज झाला नाही. प्लास्टिक त्यांनी आणल्या दिवशीच काढून टाकलं होतं.